सायलेन्सर बदलताना

'सायलेन्सर' या शब्दाची मला नेहमी गंमत वाटते. ज्या वस्तूचं नावच 'गप्प करणारा' आहे, ती वस्तू लोक चांगले पैसे मोजून बदलतात. कशासाठी? तर गाडीने जरा जास्त बोलावं म्हणून! आपल्याकडे हे खातं बुलेटवाल्यांकडे. पोलिस मग ते फटफटणारे सायलेन्सर काढून घेतात, रस्त्यावर ओळीने मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. पेपरात तो फोटो आला की सगळे सज्जन लोक खूश. मीही त्या सज्जनांतलाच. इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या आदल्या रात्री खिडकीखालून गेलेल्या प्रत्येक बुलेटला मी मनातल्या मनात पुष्कळ 'आशीर्वाद' दिलेले आहेत.

आणि आता मीच सहाशेच्या वर डॉलर मोजून सायलेन्सरची जोडी मागवली आणि एका शनिवारी घरच्या गॅरेजमध्ये बसवली. 'यूट्यूबवर बघितलं आणि केलं' एवढीच ही गोष्ट असती तर लिहीत बसलो नसतो. पण यात माझे बाबा आहेत, आणि बाबांचे कान आहेत.

आधी गाडीबद्दल. 2013 ची मस्टँग जीटी, सेकंडहँड. पाच लिटरचं व्ही-8 इंजिन, 420 हॉर्सपॉवर, सहा गिअर, आणि ते गिअर हाताने टाकायचे. मी डेट्रॉइटजवळ कँटन नावाच्या गावात भाड्याच्या घरात राहतो. ही गाडी बनली ती फ्लॅट रॉकच्या कारखान्यात, म्हणजे माझ्या घरापासून पाऊण तासाच्या आत. नोकरी आयटीतली, डिग्री मात्र मेकॅनिकलची. (हसू नका. पुण्यात मेकॅनिकल केलेले आमच्या बॅचचे पुष्कळसे लोक आज जावा नाहीतर एसएपीमध्येच आहेत.) चार वर्षांत आयसी इंजिनचे सगळे सायकल काढले, गिअरचे दात मोजले, पण खरा गंजलेला नट कधी सोडवला नव्हता. तो कॉलेजात प्रश्नपत्रिकेत येत नाही.

आता थोडं तांत्रिक. कंटाळू नका, पुढे लागणार आहे.

इंजिनातून निघालेला जळका वायू आधी मॅनिफोल्डमध्ये येतो, मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, मग लांब पाइपातून मागच्या अ‍ॅक्सलवरून वळसा घेऊन सायलेन्सरमध्ये, आणि तिथून बाहेर. इथे सायलेन्सरला मफलर म्हणतात. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गळ्यातला?" कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले महाग धातू असतात आणि ते कार्बन मोनॉक्साइडसारख्या विषारी वायूंचं काम तमाम करतात. तो काढून टाकणं अमेरिकेत क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे. मिशिगनमध्ये गाड्यांची दरवर्षी तपासणी होत नाही, त्यामुळे "कोण बघतंय?" म्हणणारे महाभाग भेटतात. आपण त्या वाटेला जायचं नाही. मी घेतला तो प्रकार 'अ‍ॅक्सल-बॅक', म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडचा फक्त शेवटचा तुकडा, डावा आणि उजवा. कन्व्हर्टर, सेन्सर, इंजिनचं प्रोग्रॅमिंग, कशालाच हात लागत नाही. ताकदही जवळपास वाढत नाही, हे आधीच सांगतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच.

सायलेन्सर मुख्यतः दोन जातींचे. पहिल्याच्या पोटात खोल्या असतात. आवाजाची लाट भिंतीवर आपटून परत येते, पुढच्या लाटेला उलटी भेटते आणि दोघी एकमेकींना खातात. दुसरा आरपार. मधून भोकाभोकांची सरळ नळी, भोवती काचतंतूंचं नाहीतर स्टीलच्या तंतूंचं भरण. आवाज त्या भरणात शिरतो आणि तिथेच त्याची उष्णता होऊन जिरतो. गंमत अशी की या दुसऱ्या प्रकारात तीक्ष्ण, चिरके, उंच पट्टीचे आवाज चांगले जिरतात आणि खर्जातले आवाज मात्र फारसे न अडता बाहेर पडतात. म्हणून त्याचा आवाज मोठा असूनही गोड लागतो. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता व्ही-8 गोड का वाटतं? माझ्या गाडीचा फायरिंग ऑर्डर आहे 1-5-4-8-6-3-7-2. एक ते चार सिलिंडर उजव्या बाजूला, पाच ते आठ डाव्या. म्हणजे स्फोट होतात ते असे : उजवा, डावा, उजवा, डावा, डावा, उजवा, डावा, उजवा. एकूण आठ मात्रा, केरव्यासारख्या, आणि सगळ्या समान अंतरावर. पण एकाच बाजूच्या पाइपाला कान लावलात तर अंतरं समान नाहीत. उजवीकडे दोन मात्रा, तीन मात्रा, दोन मात्रा, एक मात्रा. हा जो लंगडा ठेका आहे ना, तोच तो 'गुडुगुडु'. फेरारीच्या व्ही-8 मध्ये क्रँकशाफ्ट सपाट असतो, स्फोट डावा-उजवा-डावा-उजवा असे शिस्तीत होतात, म्हणून ती किंचाळते. अमेरिकन व्ही-8 ढोल वाजवतं. गाडी जागच्या जागी 700 आरपीएमला उभी असेल तर सेकंदाला साधारण 47 स्फोट होतात, आणि आठ मात्रांचं आवर्तन सेकंदाला सहाएक वेळा पूर्ण होतं. ढोल-ताशाच्या गावातून आलेल्या माणसाला हे आवडलं नाही तरच नवल.

याची दुसरी बाजू म्हणजे घूं-घूं. हायवेला सहाव्या गिअरमध्ये इंजिन साधारण 2000 आरपीएमच्या आसपास असतं, म्हणजे सेकंदाला 133 स्फोट. गाडीच्या आतल्या हवेचा सूर जर त्याच्याशी जुळला तर तासाभरात डोकं भणाणतं. काही लोक त्यावर उपाय म्हणून पाइपाला एक बंद टोकाची आडवी नळी जोडतात, तिची लांबी लाटेच्या लांबीच्या एक चतुर्थांश. 300 अंश सेल्सिअस तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे 480 मीटर जातो. भागाकार केलात तर नळी येते 90 सेंटीमीटरची. कागदावर सोपं, गाडीखाली जागा शोधणं अवघड. म्हणून मी सरळ तीन प्रकारांतला सगळ्यात सौम्य घेतला. (तीन प्रकार म्हणजे : सौम्य, मध्यम, आणि 'शेजाऱ्यांशी संबंध कायमचे संपवायचे असतील तर'.) :)

सौम्य घ्यायचं आणखी एक कारण होतं. उन्हाळ्यात आई-बाबा येणार होते.

बाबा आयटीआयचे फिटर. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला, 29 वर्षं. पत्र्यातून दरवाजे, बॉनेट, काय काय दाबून काढणारी दोन-तीन मजली यंत्रं, आणि त्यांच्यात काही बिघडलं की बाबा. लहानपणी मला वाटायचं की बाबांना मोठ्याने बोलायची सवय आहे. मग वाटायला लागलं की ते लक्ष देत नाहीत. कळायला फार वर्षं लागली की त्यांना ऐकूच येत नाही. म्हणजे पूर्ण बहिरे नाहीत. दार वाजलं की कळतं, ट्रक आला की कळतं. पण माणसाच्या बोलण्यातली व्यंजनं हरवतात. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते पोचतात. स, श, च, त, फ ही मंडळी वरच्या पट्टीतली, ती वाटेतच गळतात. आई "चहा" म्हणते, बाबांना "सहा" ऐकू येतं, आणि ते घड्याळ बघतात. घरात यावर आम्ही खूप हसलोय. बाबाही हसतात. चारचौघांत सगळे हसले की बाबा हसतात, पण एक क्षण उशिरा. ते उशिराचं हसणं तुम्ही एकदा ओळखलंत की मग विनोद ऐकताना तुमचं लक्ष विनोदाकडे राहत नाही.

आवाजाने जाणारे कान असेच जातात. 4000 हर्ट्झच्या आसपास आधी खड्डा पडतो, मग तो रुंदावत जातो. आतल्या कानात ज्या केसासारख्या पेशी असतात त्या माणसात परत उगवत नाहीत. खर्ज बराच काळ शाबूत राहतो. वर सायलेन्सरबद्दल जे लक्षात ठेवा म्हटलं होतं ते आता आठवा. बाबांच्या दोन्ही कानांत कुणीतरी आरपारवाला सायलेन्सर कायमचा बसवून दिलाय, आणि तो सोडवायला कुठल्याच नंबरचा पाना नाही.

बाबांच्या नोकरीच्या काळात नियम नव्हते असं नाही. आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा होती. 1948 च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायातून होणाऱ्या रोगांची यादी होती, त्यात आवाजाने येणारा बहिरेपणा लिहिलेला होता. प्रत्यक्षात स्टोअरमधून कापूस मिळायचा. अमेरिकेतली नायॉश ही संस्था म्हणते, 85 डेसिबलला आठ तास ठीक, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करा. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 ला येता तेव्हा हातात उरतात 15 मिनिटं. बाबांची पाळी आठ तासांची होती, आणि महिन्याच्या शेवटी ओव्हरटाइम. माझ्या कॉलेजची फी त्या ओव्हरटाइममधून गेली आहे.

असा माणूस घरात आलेला असताना आपण आवाज विकत घेऊन तो गाडीला लावायचा, हे मला जरा विचित्र वाटत होतं. खोका तीन आठवडे गॅरेजमध्ये तसाच पडून होता. शेवटी बाबांनीच विचारलं, "हे काय आणलंयस? बसवायचं नाही का?"

मग शनिवार ठरला.

शुक्रवारी रात्री गाडी थंड असताना मी खाली सरपटून सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवलं. मिशिगनचा गंज हे एक वेगळंच प्रकरण आहे. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात, आणि डेट्रॉइट शहराच्या पोटातच, साधारण अकराशे-बाराशे फूट खाली, मिठाची खाण आहे. म्हणजे शहराने आपल्याच पायाखालचं मीठ काढायचं आणि आपल्याच गाड्यांना चारायचं! दहा-बारा हिवाळे काढलेल्या गाडीखाली बोल्ट कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो ते कळत नाही.

सकाळी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावले. (मागचं टोक उचलायचं असेल तर हँडब्रेक बिनकामाचा, तो मागच्याच चाकांवर असतो.) जॅकने मागची बाजू उचलली, खाली दोन स्टँड लावले. मी खाली शिरणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब." त्यांनी गाडीला कमरेने दोनदा जोरात ढकललं. हलली नाही. "आता जा." जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही जायचं नाही, हे प्रत्येक व्हिडिओत सांगतात. कमरेने ढकलून बघायचं हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

प्रत्येक बाजूचा सायलेन्सर दोनच गोष्टींवर असतो. पुढच्या पाइपाला एक क्लॅम्प, आणि वर लटकवायला जाड रबरं. 15 नंबरची गोटी लावून मी क्लॅम्पच्या नटाला जोर दिला. ढिम्म. दांड्याला पाइप अडकवून आणखी जोर दिला. नट तसाच, दांडा वाकतोय की काय असं वाटायला लागलं. बाबा प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून बघत होते. म्हणाले, "आधी आवळ."

"सोडवायचाय, बाबा."

"अरे, ऐकू आलं मला. आधी जरासा आवळ. मग सोड."

आवळला. केसभर हलला, 'कट्' असा आवाज झाला. मग उलटा फिरवला, आणि आला! कारण साधं आहे. गंजाने आटे एकमेकांना चिकटवलेले असतात, ती पकड कुठल्याही दिशेला थोडी मोडली की पुरे. शिवाय आवळायच्या दिशेचे आटे सहसा कमी गंजलेले असतात. पण मला हे कारण नंतर सुचलं. बाबांना कारणाची गरज नव्हती, त्यांच्या मनगटात 29 वर्षं होती.

रबरांची गंमत त्याहून मोठी. लोखंडी आकड्यावर ती घट्ट बसलेली असतात आणि ओढून निघत नाहीत. मी तेलाचा डबा उचलला तर बाबा म्हणाले, "रबराला तेल नको, फुगेल. साबणाचं पाणी आण." आई वरून भांडी घासायचा साबण घेऊन आली, बघून म्हणाली, "हे तर कासारासारखं चाललंय." खरंच तसंच! बांगडी भरताना कासार हाताला साबण लावून, दाबून, जरा तिरकी करून सरकवतो, अगदी तसं रबर सरकलं. माझं मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण झालं ते त्या क्षणी.

डावा सायलेन्सर निघाला. उजवा मात्र पाइपाला असा चिकटला होता की क्लॅम्प काढूनही सुटेना. गॅसने तापवला असता तर सुटला असता, पण बाजूला पेट्रोलची टाकी आणि वर प्लॅस्टिकचा बंपर. बाबांनीच मान हलवली, "आग नको. ठोक." लाकडी ठोकळा पाइपावर धरायचा आणि हातोडीने गोल फिरत चारी बाजूंनी ठोकायचं. बंद गॅरेज, पोकळ पाइप, आणि माझं डोकं त्याच्यापासून हातभर. चार घाव घातले असतील नसतील, बाबांनी माझा पाय ओढला. मी बाहेर आलो. ते भिंतीकडे बोट दाखवत होते. तिथे गवत कापायच्या यंत्राबरोबर वापरायचे कानावरचे मोठे लाल कप लटकत होते.

"ते लाव."

"दोन मिनिटांचं काम आहे, बाबा."

"आमचंही दोन मिनिटांचंच असायचं."

मी मुकाट्याने लावले. बाबांनी गॅरेजचं दारही वर करून टाकलं. मग पाच मिनिटं ठोकलं, पिळलं, ओढलं, आणि उजवा सायलेन्सर माझ्या छातीवर आला.

बसवणं तुलनेने सोपं. नवे सायलेन्सर 304 जातीच्या स्टेनलेसचे, जुने हलक्या स्टीलचे. फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. जुन्याला चिकटतो, नव्याला नाही. आधी दोन्ही बाजू नुसत्या लटकवायच्या, क्लॅम्प ढिले ठेवायचे, मागे जाऊन लांबून बघायचं. बंपरच्या खाचेत नळी मधोमध आली पाहिजे आणि चारी बाजूंना बोटभर जागा राहिली पाहिजे, कारण तापल्यावर मीटरभर स्टेनलेस 300 अंशांना जवळपास 5 मिलिमीटर वाढतं. एक डोळा मिटून बाबांनी ते जुळवलं, "जरा वर... जरा... बास." मी पट्टी लावली, दोन्ही बाजूंत फरक नव्हता. मग पुढून मागे असं एकेक आवळत आलो. बाबांनी हाताने आवळलं, मी टॉर्कवाला पाना लावला, पाव फेऱ्याने 'टिक्' केलं. बाबा म्हणाले, "तुझ्या पान्याला जास्त कळतं." खरं तर जेमतेम पाव फेरा जास्त कळत होतं. शेवटी दोन्ही सायलेन्सर स्पिरिटने पुसून काढले. बोटांचे ठसे राहिले तर ते तापून स्टीलवर कायमचे उमटतात.

आणि मग चावी.

पहिली दहा मिनिटं धूर येतो, घाबरायचं नाही, बनवताना लागलेलं तेल जळत असतं. सांध्यापाशी हात धरून बघितलं, गळती नाही. आवाज... काय सांगू! फार मोठा नाही, पण पोटात शिरणारा. मी पुण्याला ताईला व्हिडिओ कॉल लावला, फोन मागच्या नळीपाशी धरला. "ऐकू येतंय का?" तर ती म्हणते, "काहीच नाही. पंखा चालू आहे का तिथे?" बरोबरच आहे. फोनचा एवढासा स्पीकर 47 हर्ट्झ वाजवूच शकत नाही, आणि वर त्यातलं सॉफ्टवेअर सतत घुमणाऱ्या आवाजाला कचरा समजून झाडून टाकतं. धडधाकट कानांच्या ताईला काही ऐकू आलं नाही.

बाबा गाडीच्या मागे उभे होते. हात डिकीवर ठेवलेला. त्यांनी मला मान खाली-वर करून ठेका दाखवला, आणि तो बरोबर होता. लंगडी जागा जिथे येते तिथेच त्यांची मान अडत होती. कुणी काही रिपीट करत नव्हतं, कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, आणि बाबा एक क्षणही मागे नव्हते. उंच पट्टी गेलेल्या माणसासाठी मुद्दाम बनवल्यासारखा आवाज होता तो.

थोड्या वेळाने त्यांनी हातानेच खूण केली, बंद कर. केली. मी विचारलं, "कसा वाटला?"

"चांगला आहे," म्हणाले. मग डिकीवरचा हात काढत म्हणाले, "हा आवाज बरा. चावी फिरवली की थांबतो. आमचा थांबायचा नाही."

एवढंच. पुढे ते साबणाचं पाणी ओतायला निघून गेले.

त्यावर मी बराच विचार केलाय. डेसिबलचा हिशोब सगळ्यांना येतो. 10 डेसिबल वाढले की ऊर्जा दहापट, कानाला साधारण दुप्पट. पण तोच आवाज एकाला संगीत आणि दुसऱ्याला छळ का, याचं उत्तर डेसिबलमध्ये नाही. चावी कुणाच्या हातात आहे, त्यात आहे. ऑगस्टमध्ये इथल्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, 1995 पासून. तिथे हजारो व्ही-8 एकदम गुरगुरतात आणि लोक खुर्च्या टाकून ऐकत बसतात. ते घरून खुर्ची घेऊन आलेले असतात. खिडकीखालून बुलेट गेली तेव्हा माझ्याकडे खुर्ची नव्हती, पुस्तक होतं. आणि प्रेस शॉपमध्ये बाबांकडे पाना होता.

म्हणून काही नियम केलेत. शेजारी एक बाई नर्स आहेत, त्यांची रात्रपाळी असते. त्यांना विचारून घेतलंय, त्या झोपलेल्या असतील त्या वेळी मी गाडी काढत नाही, दुसरी जुनी होंडा आहे ती नेतो. थंड इंजिन सुरुवातीला जास्त ओरडतं, तेव्हा दारात उभं राहून गरम करायची नाही, लगेच हळू निघायचं. कॉलनीच्या बाहेर पडेपर्यंत पायाखाली अंडं आहे असं समजायचं.

सप्टेंबरात आई-बाबा परत गेले. जायच्या आधी मी कानाच्या मशीनचा विषय काढला होता. इथे 2022 पासून बऱ्या प्रकारची मशीन्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळतात. बाबा नेहमीचं बोलले, "म्हातारा दिसेन." मी म्हटलं, "बाबा, आधी जरा आवळा, मग सोडा. नुसती तपासणी करून घ्या." हसले. पुण्याला गेल्यावर ताईने नेलं. तिने आलेखाचा फोटो पाठवला. डावीकडे रेघ जवळजवळ सरळ, 4000 पाशी विहीर.

आता मशीन लावतात, दिवसातून तीनेक तास. तक्रारी चालू आहेत. पंख्याचा आवाज येतो, पिशवी फार कुरकुरते, कुकरची शिट्टी टोचते. काल फोनवर म्हणाले, "तुझी आई इतकी बोलते हे माहीत नव्हतं." मागून आईचा आवाज आला, आणि बाबांनी तिला ताबडतोब उत्तर दिलं.

ता. क. : ज्यांना स्वतः बसवायचं आहे त्यांच्यासाठी. शंभरेक मैल चालवल्यावर क्लॅम्प पुन्हा एकदा तपासा, तापून-थंड होऊन ते हमखास थोडे ढिले होतात. जुने सायलेन्सर फेकू नका, गाडी विकताना लागतात. आणि ठोकाठोकी दोन मिनिटांची असली तरी कानावर काहीतरी लावा.